मावळ्याच्या पाठीवरचे ओझे

२०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग हा खेळ पहिल्यांदा आला. बर्फाचा डोंगर पायांतल्या स्कीसह चढायचा आणि त्याच स्कीवरून उतरायचा, असा हा खेळ. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात, म्हणजे पाय मागे घसरत नाही. माथ्यावर पोचताच ती ओढून काढायची, छातीशी कोंबायची, टाच अडकवायची आणि खाली सुटायचे. या शर्यतीची स्की निवडताना एकेका ग्रॅमचा खल होतो. पुरुषांच्या स्कीची जोडी, बूट धरून ठेवणाऱ्या खटक्यांसकट, दीड किलोच्या आसपास भरते.

सह्याद्रीतल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत बर्फ पडत नाही, पण हा खल तिथे फार जुना आहे. डोंगर झपाट्याने ओलांडायचा तर अंगावर काय घ्यायचे आणि घरी काय ठेवायचे, या प्रश्नावर इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी माणसे जगली आणि मेलीही.

नकाशा पाहिला की कारण कळते. नीरा, गुंजवणी, वेळवंडी आणि कानंदी या नद्यांची अरुंद खोरी, मधे सह्याद्रीच्या उभ्या सोंडा, आणि पश्चिमेला एकदम कोकणात कोसळणारे कडे. गुंजण मावळ, कानद मावळ, हिरडस मावळ, रोहिडखोरे ही जुनी नावे याच खोऱ्यांची. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढायची, दांडावरून चालायचे आणि पुन्हा उतरायचे. राजगडाच्या संजीवनी माचीखालच्या अळू दरवाजातून निघून तोरण्याच्या बुधला माचीवर चढणारी वाट ज्यांनी तुडवली आहे, त्यांना हा भूगोल पोटऱ्यांनी शिकवलेला असतो. इथे तोफेचा गाडा निरुपयोगी. घोडासुद्धा ठरावीक वाटांनीच जातो. उरतो तो पायी माणूस आणि त्याला पेलेल तेवढेच ओझे.

शिवछत्रपतींचे पायदळ याच खोऱ्यांतून उभे राहिले. कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातले बांदल, शिंदचे बाजीप्रभू देशपांडे, भुतोंड्याचे येसाजी कंक ही सारी आजच्या भोर तालुक्याच्या मातीतली नावे. त्यांच्या शौर्यावर पोवाड्यांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत भरभरून लिहिले गेले. त्या शौर्यामागच्या सामानाच्या शिस्तीवर मात्र फार थोडे लिहिले गेले आहे, आणि ती शिस्त तितक्याच मोलाची आहे.

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिली. तिच्यात लष्कराचे जे नियम आहेत, ते आजच्या कोणत्याही मोहिमेच्या सामानयादीला लाजवतील असे आहेत. पावसाळ्यात लष्कर छावणीत, दसऱ्यानंतर मुलूखगिरीला. निघताना सरदारापासून शिपायापर्यंत प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद करायची आणि परतल्यावर तीच यादी पुन्हा ताडून पाहायची; जास्तीचे निघाले तर सरकारजमा, नाहीतर पगारातून वळते. लष्करात बायका, बटकी, कलावंतिणी कोणी न्यायच्या नाहीत. हा नियम सहसा नीतीचा म्हणून सांगितला जातो. तो नीतीचा आहेच. पण त्याच नियमाने तंबू, पालख्या, नोकरचाकर आणि त्यांचा दाणागोटा असा सगळा लवाजमाही छाटला जातो. सामान नोंदले की ते वाढत नाही, आणि लुटीच्या बोज्याने परतीची वाट जड होत नाही.

याच्या अगदी उलट चित्र १६५९ साली जावळीत दिसले. अफझलखानाची फौज हत्ती, तोफा, उंट आणि बाजारबुणगे घेऊन वाईला आली. सपाटीवर ती भारी होती. प्रतापगडाखालच्या रानात उतरल्यावर तेच सामान तिच्या गळ्यात अडकले. दहा नोव्हेंबरला खान पडला, तेव्हा जंगलात दबा धरून बसलेल्या मावळ्यांना पळता येत होते, वळता येत होते, लपता येत होते. खानाच्या फौजेला यातले काहीच जमले नाही.

पुढच्याच वर्षी, १२ जुलै १६६० च्या रात्री, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या सुमारे सहाशे माणसांनी साठेक किलोमीटरची वाट पावसात, चिखलात, शिवछत्रपतींची पालखी खांद्यावर घेऊन कापली. त्यात बांदलांचे मावळे मोठ्या संख्येने होते. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीच्या त्या रात्रभराच्या चालीला मात्र हिरडस मावळातल्या लहानपणापासूनच्या चढउताराचे पाठबळ होते, हे लक्षात ठेवायला हवे.

पण माणूस हलका चालतो, तेव्हा त्याचे वजन कुठेतरी दुसरीकडे ठेवलेले असते. मावळ्याचे वजन गडांवर होते. राजगडावरचे पद्मावती तळे, दारूकोठार, धान्याच्या कोठ्या आणि माच्यांवरची पाण्याची टाकी ही नुसती राजधानीची शोभा नव्हती. एका दिवसाच्या चालीवर दुसरा गड, तिथे दाणा आणि पाणी तयार. म्हणून शिपाई चार भाकऱ्यांवर निघू शकत होता. आणि गडाखाली गावे होती. नाचणी, वरई आणि भात पिकवणारी हीच गावे गडाचे कोठार भरत.

मिर्झाराजा जयसिंगाला हे बरोबर उमगले. १६६५ च्या उन्हाळ्यात पुरंदरला वेढा घालून बसलेला असताना त्याने दाऊदखान कुरेशीला रोहिडा आणि राजगडाच्या परिसरात पाठवले. हुकूम गड घेण्याचा नव्हता, गावे बेचिराख करण्याचा होता. घरे जाळली, गुरे हाकलून नेली, माणसे धरली. हलक्या फौजेला पळताना पकडता येत नाही. तिचे ओझे जिथे ठेवले आहे ती जागाच पेटवायची, असा तो डाव होता. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि तेवीस किल्ले गेले. राजगड आणि तोरणा राहिले, रोहिडा गेला. मावळ्यांच्या वेगाची किंमत भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याने अशी चुकवली आहे, आणि वेगाचे कौतुक करताना ती बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल.

लढायांचे दिवस सरले तरी ओझ्याचा हिशेब चालूच राहिला. शंकराजी नारायणांच्या वंशाकडे, पंतसचिवांकडे भोरचे संस्थान राहिले. ते १९४८ साली भारतात विलीन झाले. या सगळ्या काळात इथल्या माणसाचा बाजार बऱ्याच अंशी कोकणाशी बांधलेला होता. केळदवरून उतरणारा मढे घाट, त्याच्या शेजारचा उपांड्या, मोहरी-सिंगापूरकडच्या बोराट्याची नाळ आणि सिंगापूर नाळ या त्याच्या वाटा. मीठ वर यायचे, धान्य खाली जायचे. काही वाटा लादलेल्या बैलांना झेपणाऱ्या, तर काही, बोराट्याच्या नाळेसारख्या, दगडधोंड्यांतून हात टेकत उतरायच्या, केवळ माणसांच्या. तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० साली मढे घाटानेच उमरठला नेला, अशी परंपरा आहे.

या वाटांवरच्या माणसाचे साहित्य पाहिले की थक्क व्हायला होते. एक घोंगडी: पावसात खोळ, रात्री अंथरूण-पांघरूण, दिवसा गाठोडे. कमरेला आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता, म्हणजे दोन्ही हात मोकळे. फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी, चटणी, कांदा. भातलावणीला इरले: बांबूच्या कामट्या आणि झाडाची पाने एवढ्यातच तयार होणारे, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे, वाकून काम करताना हातांना न अडवणारे. एका वस्तूने तीन कामे भागली की दोन वस्तू घरी राहतात. गिर्यारोहणाच्या दुकानात आज हीच गोष्ट हजारो रुपयांना मिळते.

आल्प्समधल्या स्की माउंटेनिअरिंगच्या शर्यतींमागेही सैनिक आहेत. झेरमाट ते व्हेरबिए ही ‘पात्रुई दे ग्लासिए’ शर्यत स्विस सैन्याने १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, आपल्या डोंगरी तुकड्यांची कसोटी पाहण्यासाठी सुरू केली. तीन जणांची तुकडी, हिमनद्यांवरून रात्रीची चाल. १९४९ मध्ये एक तुकडी हिमनदीच्या भेगेत पडून तिघेही गेले; त्यानंतर शर्यत बंद झाली ती थेट १९८४ पर्यंत. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने बुटाच्या टोकाला दोन खिळ्यांत धरणारा छोटासा खटका शोधला आणि पायातले वजन एकदम उतरले. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंना भारी, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब. म्हणून सगळी हुशारी पायाशी खर्च झाली. पुढे कार्बनचे धागे आणि हलक्या लाकडाचा गाभा आला, आणि स्की इतकी हलकी होऊ लागली की किमान वजन आणि लांबी नियमाने ठरवावी लागली. पुरुषांची स्की १६० सेंटिमीटरपेक्षा आखूड चालत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण चढताना वाचवलेला ग्रॅम उतरताना तोल घालवू शकतो.

सह्याद्रीत हाच धडा घसाऱ्यावर मिळतो. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी राजगडाचे वेड लावल्यावर पुण्या-मुंबईची पोरे या वाटांना लागली. सुरुवातीला पाठीवर अवजड पिशव्या, पायात मिळेल ते. मग ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’चे स्वस्त बूट आले आणि एका पिढीने त्यांच्यावर सगळा सह्याद्री पालथा घातला, कातळावर त्यांची पकड चांगली आणि किंमत खिशाला परवडणारी. आता डिसेंबरात सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी अल्ट्रामॅरेथॉन होते. तिच्यात ११, २५, ५३ आणि १०० किलोमीटरचे गट असतात. धावणाऱ्याच्या पाठीवर पाण्याची नरम थैली, थोडे खाणे आणि डोक्यावर दिवा. त्याचेही उरलेले वजन कोणीतरी वाटेत सांभाळत असते: मदतीच्या ठिकाणी पाणी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक आणि वाट दाखवणारे गावकरी.

वेल्हे तालुक्याला राजगडाचे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. गडाचा मान झाला, हे योग्यच झाले. पण गड उभा ठेवणाऱ्या माणसाच्या वस्तू घराघरांतून झपाट्याने नाहीशा होत आहेत. प्लास्टिकच्या कागदाने इरले गेले, रस्त्यांनी घाटवाटा ओस पाडल्या. भोर आणि वेल्ह्याच्या शाळा-महाविद्यालयांनी, गडांवर धावणाऱ्या आणि चढणाऱ्या मंडळांनी एक काम हाती घ्यावे. केळद, मोहरी, सिंगापूर, भुतोंडे या गावांत ज्यांनी नाळेने मीठ आणले आहे, अशा वडीलधाऱ्यांना गाठावे. माळ्यावरची घोंगडी, आकडी, इरले खाली काढून वजन करावे, मापे घ्यावीत. त्या वस्तू कोणी केल्या, आणि ही माणसे किती ओझ्यासह, कोणत्या वाटेने, किती वेळात चालत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू व्हायला हवे.