विठोजीराजे: बंगळूरच्या जहागिरीमागचे चुलते

मराठी इतिहासात चुलता म्हटले की राघोबादादा आठवतात, आणि त्यांच्यामागे ३० ऑगस्ट १७७३ची शनिवारवाड्यातली ती दुपार. एका पुतण्याच्या खुनाने चुलत्याच्या नात्यावर असा डाग पडला, की आधीच्या शतकातला एक थोर चुलता त्याखाली झाकला गेला. त्यांचे नाव विठोजीराजे भोसले. बंगळूर शहराच्या इतिहासात जवळजवळ अर्धे शतक मराठ्यांचे आहे, आणि ते ज्या शहाजीराजांपासून सुरू होते त्यांना बापाच्या मागे वाढवले ते या चुलत्याने. विठोजी नसते तर १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात उतरायला शहाजी नावाचा सरदार उरला असता का, याची मला दाट शंका आहे.

वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे मालोजी आणि विठोजी हे दोन मुलगे निजामशाहीत एकाच वेळी वर आले. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा शहाजी पाच वर्षांचे आणि शरीफजी त्याहून धाकटे होते, असे कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ सांगते. त्या काळी जहागीर म्हणजे चाकरीचा मोबदला. चाकरी करणारा गेला, की ती दुसऱ्याला देण्यात दरबाराला काहीच गैर वाटत नसे. पाच वर्षांचे मूल घोडदळ पुरवू शकत नाही. तरीही मालोजींची जहागीर मुलांच्या नावे राहिली आणि कारभार विठोजींनी पाहिला. विठोजींना स्वतःचे आठ मुलगे होते. आठ मुलांच्या बापाने भावाची जहागीर पुतण्यांसाठी राखावी आणि पुतणे मोठे झाल्यावर ती त्यांच्याच हाती जावी, ही गोष्ट त्या काळच्या वतनदारीत सहज घडणारी नव्हती. वतनाच्या वाटणीवरून सख्ख्या भावांचे मुडदे पडलेली घराणी महाराष्ट्रात हवी तितकी सापडतात.

या वाढवण्याचा पुरावा खंडागळ्यांच्या हत्तीच्या प्रकरणात मिळतो. निजामशाही दरबार सुटला, गर्दीत खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. लखुजी जाधवरावांचा मुलगा दत्ताजी हत्तीवर तुटून पडला. विठोजींची मुले खंडागळ्यांच्या बाजूने धावली, आणि त्या झटापटीत विठोजींच्या संभाजीने दत्ताजीला मारले. पुढे गेलेले लखुजी ते ऐकून माघारी फिरले. ते शहाजींचे सासरे. अशा वेळी जावई बाजूला उभा राहिला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. पण शहाजी चुलतभावासाठी सासऱ्यासमोर गेले आणि जखमी झाले. संभाजी लखुजींच्या हातून मारला गेला. रस्त्यावर उसळलेल्या भांडणात विचार करायला वेळ नसतो, माणूस आपले म्हणून ज्यांना ओळखत आला त्यांच्याकडेच धावतो. शहाजींना चुलतभाऊ आपले वाटले, कारण ते विठोजींच्या छायेत त्यांच्याबरोबर वाढले होते.

यावर कोणी म्हणेल, ‘शिवभारत’ हे शिवरायांच्या आश्रयाने झालेले काव्य. त्यात घराण्याचे गुणगान असणारच. आक्षेप रास्त आहे. पण हे काव्य रचले गेले तोवर विठोजींची शाखा शिवरायांची मित्र राहिली नव्हती. १६५९मध्ये अफझलखानाच्या फौजेत विठोजींचे पुत्र मंबाजी भोसले होते. अशा शाखेच्या मूळ पुरुषाला श्रेय देऊन कवीला काही मिळणार नव्हते. तरी तो देतो, म्हणून ते मला विश्वासार्ह वाटते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. विठोजींनी घर एकत्र ठेवले म्हणावे, तर ते टिकले कुठे? १६२४च्या भातवडीच्या लढाईत भोसले भाऊ मलिक अंबरच्या बाजूने एकत्र लढले, शरीफजी तिथेच पडले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत चुलतभावांशी बेबनाव होऊन शहाजी विजापूरकडे गेले. हे खरे आहे. पण विठोजींच्या हाती पुतण्यांना वाढवणे आणि त्यांचे त्यांना देणे एवढेच होते, आणि ते त्यांनी पुरे केले. प्रत्येक भावाला वेगळी जहागीर, वेगळी फौज आणि वेगळा धनी देणाऱ्या व्यवस्थेत वडीलधाऱ्याचा शब्द त्याच्या हयातीपुरताच चालणार होता.

असा शब्द नसला की काय होते, ते बंगळूरने पाहिले. शरीफजी भातवडीला गेल्यामुळे शहाजींच्या मुलांना सख्खा चुलता उरला नव्हता. थोरला संभाजी कनकगिरीला पडला. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजी गेले, आणि बंगळूर त्यांच्या धाकट्या मुलाकडे, व्यंकोजींकडे, राहिले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला त्यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आजही शहरात आहे. १६७७मध्ये शिवराय दक्षिणेत उतरले आणि बापाच्या जहागिरीचा अर्धा वाटा मागू लागले. दोघांना समोर बसवून बोलेल असा घरात कोणी नव्हता. रघुनाथपंत हणमंते हे जुने कारभारी आणि व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी तोडगा काढला, पण तो दोन्ही फौजांत लढाई होऊन गेल्यावर. शिवरायांनी बंगळूरचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला, हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर एकाच बापाच्या रयतेने दोन भावांच्या तलवारी सोसल्या होत्या.

बंगळूर गेले ते भावांच्या भांडणाने नव्हे, मोगलांच्या रेट्याने आणि व्यंकोजींचे तंजावर लांब पडल्याने, असे म्हणता येईल. आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. १६८७मध्ये व्यंकोजी ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकायला निघाले, तोच १० जुलैला मोगल सरदार कासीमखानाने ते घेतले आणि त्याच सौद्यावर म्हैसूरकरांच्या हवाली केले. पण रायगडापासून तंजावरपर्यंत पसरलेले घराणे एक असते तर हे शहर बाजारात आले असते असे मला वाटत नाही.

होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे आणि बंगळूरची मराठी मंडळी त्यांचे स्मरण मनापासून करतात. त्यांना माझी एकच विनंती: पुढच्या वेळी भाषणाची सुरुवात रणदुल्लाखानाच्या स्वारीपासून करू नका. आधी विठोजीराजांचे नाव घ्या.