चाबूकस्वाराची पारख

घोडा फिरविणाऱ्यास व स्वारी शिकविणाऱ्यास आपण चाबूकस्वार म्हणतों. या शब्दांत चाबूक आधीं येतो, स्वार मागून. युरोपांतील अश्वविद्येचा इतिहास पाहूं गेल्यास, या दोहोंत पुढें कोणी असावें याच प्रश्नावर गुरु-गुरूंमध्यें अंतर पडलेलें दिसतें.

नेपल्सच्या फेदेरिगो ग्रिसोने याचा ग्रंथ १५५० सालीं प्रसिद्ध झाला व लवकरच इतर भाषांत गेला. ग्रंथकार विद्येनें अधिकारी खराच. परंतु अडेल घोड्यासाठीं त्यानें सुचविलेले कांहीं उपाय आज वाचवत नाहींत. काठीच्या टोंकास जिवंत मांजर बांधून तें घोड्यावर सोडावें, हा त्यांतलाच एक!

त्याच नेपल्समध्यें पिन्यातेल्ली नामक गुरूपाशीं आंत्वान द प्ल्यूव्हिनेल हा फ्रेंच तरुण शिकला. त्यानें १५९४ मध्यें पॅरिस येथें उमरावांच्या मुलांसाठीं विद्यालय काढलें. पुढें तेरावा लुई त्याचा शिष्य झाला. हा राजा १६१० सालीं, पित्याचा खून झाल्यावर, आठ वर्षांचा असतां गादीवर आला होता. अशा मुलास घोड्यावर बसविणें म्हणजे सारें राज्यच खोगिरावर ठेवणें होय! तें काम ज्याच्या हातीं गेलें तो गुरु घोड्याचा स्वभाव ओळखावा, आधीं थोपटावें व शिक्षा अगदीं शेवटीं करावी, असें सांगणारा होता. गुरुशिष्यांच्या संवादरूपानें लिहिलेला त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२३ सालीं बाहेर आला.

विचार मात्र नवा नव्हता. जबरदस्तीनें नाचविलेल्या नर्तकाप्रमाणें जबरदस्तीनें चालविलेल्या घोड्यांतही डौल नसतो, हें ग्रीक झेनोफननें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच सांगून ठेविलें होतें.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वशाळेंत नवशिक्यास आजही प्रथम जाणता घोडा देतात. बागडोर गुरूच्या हातीं असते. शिष्याच्या हातीं लगाम नसतो, पायांत रिकीब नसते. मांड पक्की होईपर्यंत हाच क्रम चालतो. कोवळा घोडा मात्र मुरलेल्या स्वाराकडेच जातो. दोघेही अजाण एकत्र आणावयाचे नाहींत, हें या परंपरेचें सार आहे.

तेव्हां मुलास स्वारी शिकवूं इच्छिणाऱ्या पालकानें गुरूचीं पदकें मोजण्यापूर्वीं तासभर कुंपणाशीं उभें राहावें. नवख्यास तो कोणता घोडा देतो, घोडा अडला असतां त्याचा हात प्रथम कोठें जातो, आणि तो जवळ येतांच घोडा कान मागें पाडतो कीं मान पुढें करतो, एवढें पाहावें. घोड्याची साक्ष खोटी नसते.