भोंग्याचे व्याकरण

बहरीनमधल्या मुहर्रक बेटाच्या आग्नेय टोकाला हिद्द वसले आहे. तेल सापडण्यापूर्वी या देशाचे पोट मोत्यांवर चालत असे आणि हिद्दची घरे त्याच धंद्यावर उभी राहिली. उन्हाळा लागला की गलबते शिंपल्यांच्या शोधात निघत. बुडी मारणारा आणि त्याला वर खेचणारा यांची जोडी ठरलेली असे. खालून दोराला हिसका बसला की वरच्याने ओढायचे, एवढाच त्यांच्यातला संवाद. गलबतावर शेवटचा शब्द नाखुद्याचा. उत्तम मोती विकायला मुंबईला जात आणि बहरीनच्या बाजारात 1965 मध्ये दिनार येईपर्यंत रुपयाच चालत असे.

आज त्याच गावाच्या हद्दीत अजस्र जहाजे येतात. 1977 मध्ये इथे ‘आस्री’ या जहाजदुरुस्ती कंपनीची सुकी गोदी सुरू झाली. 5 लाख टनांपर्यंतचे तेलवाहू जहाज तिच्यात दुरुस्तीला घेता येते. 2009 मध्ये शेजारीच खलिफा बिन सलमान बंदर सुरू झाले. बहरीनभोवतीचा समुद्र उथळ आहे, त्यामुळे मोठ्या जहाजांना गाळ उपसून खोल केलेल्या अरुंद वाटेनेच यावे लागते. अशा वाटेवर समोरासमोर आलेल्या दोन जहाजांचे खलाशी बहुधा वेगवेगळ्या भाषांचे असतात. त्यांच्यातली बोली इंग्रजी. आणि त्या इंग्रजीत एका गोष्टीला फार किंमत आहे: समोरचा वळणार आहे, की वळतो आहे?

शाळेत साधा आणि अपूर्ण वर्तमानकाळ तक्त्यातून घोकलेल्या मराठी मुलाला हा फरक परीक्षेपुरता वाटतो. पिढ्यान् पिढ्या तो घोटून घेतला गेला आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राचे इंग्रजी पोसले गेले. रामजी सकपाळांनी ती पुस्तके आपल्या मुलाकडून, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांकडून, पाठ करून घेतली होती. तरी घोळ राहतोच, कारण मराठी क्रियापद वेगळ्या चालीने चालते. निरोप घेताना माणूस ‘येतो’ म्हणतो, ‘मी उद्या पुण्याला जातो’ हे वाक्य कुणालाच खटकत नाही. सवय, इरादा आणि नजीकचा भविष्यकाळ या सगळ्यांना आपला साधा वर्तमानकाळ पोटात घेतो. ‘मी वळतो’ म्हणणारा आत्ता वळत असेल किंवा थोड्या वेळाने वळणार असेल. ऐकणारा ते प्रसंगावरून ओळखतो. समुद्रावर असा प्रसंग वाचायला उसंत नसते.

जुन्या जहाजांवर हा प्रश्न फारसा आला नाही, कारण तिथली भाषा हुकुमांची होती. हिंदी महासागरातल्या खलाशांची स्वतःची ‘लश्करी’ नावाची बोली होती. हिंदुस्थानी, अरबी, फारसी आणि पोर्तुगीज शब्दांच्या मिश्रणातून ती घडली होती. थॉमस रोबक याने 1811 मध्ये कलकत्त्यात तिचा कोश छापला. ‘हबेस’ म्हणजे वर ओढ, ‘आऱ्या’ म्हणजे खाली सोड. सारंगाने आवाज दिला की तांडेल आणि खलाशी कामाला लागत. हुकुमाला काळ नसतो. तो ऐकायचा आणि पाळायचा. काळाची गरज पडली ती जहाज जहाजाशी बोलू लागल्यावर, कारण तिथे कुणी कुणाला हुकूम देत नाही. आपण काय करत आहोत एवढेच सांगता येते.

वाफेच्या जहाजांनी वेग वाढवला आणि टकरीही वाढल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भोंग्याच्या खुणांना नियमांनी अर्थ लावून दिले. एक आखूड भोंगा, म्हणजे सुमारे एक सेकंदाचा: मी उजवीकडे वळतो आहे. दोन आखूड: मी डावीकडे वळतो आहे. आजही चालू असलेल्या 1972 च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांतल्या 34 व्या कलमात क्रियापद आहे ‘ॲम ऑल्टरिंग’, म्हणजे अपूर्ण वर्तमानकाळ. त्याला कारण आहे. भरलेल्या टँकरचे सुकाणू फिरवले तरी नाक वळायला बराच वेळ लागतो. समोरच्या जहाजावरून दुर्बिणीने पाहणाऱ्याला तोवर काहीच फरक दिसत नाही. डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळावे म्हणून तो भोंगा असतो आणि त्याचा अर्थ एकच असावा लागतो: सुकाणू फिरले आहे, क्रिया सुरू आहे.

याच कलमात पुढे अरुंद वाटेची गोष्ट येते आणि तिथे क्रियापद बदलते. मागून येणाऱ्याला पुढच्याच्या उजव्या बाजूने पुढे जायचे असेल, तर तो चार ते सहा सेकंदांचे दोन लांब भोंगे देतो आणि मग एक आखूड. अर्थ: तुमच्या उजव्या बाजूने पुढे जाण्याचा माझा इरादा आहे. इथे ‘इंटेंड’ हा साधा वर्तमानकाळ आहे. अजून काहीच घडत नाही. पुढच्याने ठरलेल्या भोंग्यांनी होकार दिल्यावरच घडायचे. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांवर तर एका आखूड भोंग्याचाच अर्थ इराद्याचा आहे: तुम्हाला माझ्या डाव्या हाताला ठेवून जाण्याचा माझा इरादा आहे. समोरच्याने तोच भोंगा परत दिला की ठरले. एकच आवाज खुल्या समुद्रात चालू क्रिया सांगतो आणि अमेरिकन नदीत प्रस्ताव मांडतो.

तीन आखूड भोंग्यांचा इतिहास आणखी बारकाईचा आहे. जुन्या नियमांत त्यांचा अर्थ होता: माझी इंजिने पूर्ण वेगाने उलटी चालत आहेत. पुढे ‘पूर्ण वेगाने’ गळले. मग असे पंखे आले की इंजिन त्याच दिशेने फिरत राहते आणि फक्त पात्यांचा कोन बदलतो. म्हणून 1972 च्या मसुद्यात इंजिन गेले आणि ‘मी मागे रेटणारी शक्ती वापरतो आहे’ असा अर्थ आला. जहाज मागे जात आहे, असे तो भोंगा कधीच म्हणत नाही. उलट रेटा चालू असतानाही अवजड जहाज आपल्या वेगाने बराच काळ पुढेच सरकत राहते.

झेंड्यांची गोष्ट अशीच आहे. ब्रिटिश व्यापारखात्याने 1857 मध्ये काढलेल्या पहिल्या संकेतावलीत 18 झेंडे आणि सुमारे 70 हजार संदेश होते. आजच्या संकेतावलीत पिवळ्या-लाल तिरक्या पट्ट्यांचा ‘वाय’ सांगतो की माझा नांगर घसरतो आहे. लाल-पांढऱ्या चौकटींचा ‘यू’ बजावतो की तुम्ही धोक्याकडे चालला आहात. दोन्ही अपूर्ण काळात. पण ‘जी’ म्हणजे मला पायलट, म्हणजे बंदराची वाट दाखवणारा वाटाड्या, हवा आणि ‘एच’ म्हणजे पायलट माझ्या जहाजावर आहे. तिथे ‘रिक्वायर’ आणि ‘हॅव’ साधेच राहतात, कारण गरज किंवा असणे ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. ‘आय ॲम हॅविंग’ म्हणणाऱ्या भारतीय मुलाला मास्तर जे सांगून थकतात, ते इथे काठीवर फडकते.

मुंबईत माझगावसमोर 1927 मध्ये ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज उभे राहिले, तेव्हापासून भारतीय मुले अधिकारी होण्यासाठी हे सगळे शिकत आली. त्यानंतर वायरलेसवरची बोली वाढली आणि नवा गोंधळ सुरू झाला. भोंग्याचा अर्थ छापलेला असतो, पण माणूस बोलताना हवे ते वाक्य जुळवतो. ज्या 1977 मध्ये हिद्दची गोदी सुरू झाली, त्याच वर्षी 1972 चे नियम अमलात आले आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नौकानयनासाठी प्रमाण शब्दावली मंजूर केली. 7 एप्रिल 1990 रोजी ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागून 159 माणसे दगावली. खलाशांना आपसात आणि प्रवाशांशी बोलता आले नव्हते. त्यानंतर शब्दावलीचा विस्तार हाती घेतला गेला आणि नोव्हेंबर 2001 मध्ये प्रमाण सागरी वाक्प्रयोग स्वीकारले गेले.

या वाक्प्रयोगांनी ‘मे’, ‘शुड’, ‘कुड’ यांसारखी दुहेरी अर्थाची क्रियापदे टाळायला सांगितली. त्याहून मोलाचे म्हणजे वाक्याआधी त्याची जात सांगणारा शब्द ठेवला: सूचना, इशारा, माहिती, प्रश्न, विनंती, इरादा. गरज वाटली तर अधिकारी आधी ‘इंटेन्शन’ म्हणतो आणि मग मी वेग कमी करीन असे सांगतो. पुढच्या क्रियापदाचा काळ परक्या उच्चारात हरवला, खरखरीत बुडाला, तरी ऐकणाऱ्याला कळते की ही गोष्ट अजून घडायची आहे. हिद्दच्या वाटेवर शिरणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला हेच वाक्प्रयोग पाठ असावे लागतात, आणि त्याच्या समोरच्यालाही.