उलटी चित्रे आणि पास्काचे गाणे



पवित्र शनिवारी रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती पेटते आणि पुनरुत्थानाची घोषणा गायली जाते. आमच्या धर्मग्रामात ती अनेक वर्षे एक काका गात असत. गेल्या वर्षी ते प्रभूकडे गेले. मागे राहिले ते कोणीतरी मोबाईलवर केलेले दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग. "याचा व्हिडिओ करून द्या, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना घरी ऐकता येईल," असे काकूंनी मला सांगितले.

एक ऑडिओ फाइल आणि एक फोटो जोडायचा, एवढेच काम. पण फोटो कोणता? घरच्यांना काकांचा हवा होता. गायनवृंदातले म्हणाले, घोषणा प्रभूची आहे, चित्रही पुनरुत्थित प्रभूचेच हवे. मला दोघांचेही पटत होते.

हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका नवा नाही. दहाव्या ते तेराव्या शतकात दक्षिण इटलीत, बेनेव्हेन्तो, माँते कासिनो, बारी अशा ठिकाणी, ही घोषणा पुस्तकातून नव्हे तर चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवरून गायली जाई. घोषणेच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून या गुंडाळ्यांना 'एक्सल्टेट' म्हणतात. त्याचा अर्थ 'उल्लास करो'. चर्मपत्राचे तुकडे एकमेकांना जोडून ती तयार होई. तिच्यावर शब्द, स्वरांच्या खुणा आणि मध्ये मध्ये रंगीत चित्रे असत.

खरी गंमत चित्रांत आहे. बारी येथे जपलेल्या अकराव्या शतकातल्या गुंडाळीत ती अक्षरांच्या उलट दिशेने काढलेली आहेत. डीकन उंच वाचनमंचावर उभा राहून गाई आणि गाऊन झालेला भाग मंचाच्या पुढून खाली सोडी. त्याला अक्षरे सुलट दिसत आणि समोरच्या लोकांना चित्रे सुलट दिसत. लॅटिन सगळ्यांना कळत नव्हती. कानावर सूर आणि डोळ्यांपुढे स्थिर चित्र, अशी ती योजना होती. एका मेणबत्तीच्या उजेडात ती चित्रे शेवटच्या माणसापर्यंत पोचली असतील असे नाही. तरी चित्र कोणाकडे तोंड करून असावे, हे काढणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

या गुंडाळ्यांवर काय काय दिसते? देवदूत, पृथ्वी, ख्रिस्तसभा माता, अधोलोकात उतरून बंदिवानांना सोडवणारा ख्रिस्त. मेण देणाऱ्या मधमाश्यासुद्धा आहेत, कारण घोषणेत त्यांचीही आठवण होते. आणि आणखी एक जण दिसतो: हातात गुंडाळी घेऊन मेणबत्तीजवळ गाणारा डीकन स्वतः.  तो ओळखू येतो तो त्याच्या कामावरून.

हे वाचले आणि माझा प्रश्न सुटला. मागच्या एका ईस्टरच्या फोटोत पेटलेली पास्काची मेणबत्ती मधोमध आहे, आणि तिच्या उजेडात बाजूला उभे राहून गाणारे काका अर्धेच दिसतात. तोच घेतला. घरच्यांना काका मिळाले, गायनवृंदाला ख्रिस्ताचा प्रकाश मिळाला.

करण्याची रीत सोपी आहे. व्हिडिओ बनवण्याच्या कोणत्याही ॲपमध्ये आधी फोटो घ्यावा, मग ऑडिओ जोडावा, फोटोची लांबी ओढून आवाजाच्या शेवटापर्यंत आणावी आणि एमपी-फोर म्हणून जतन करावे. सेकंदाला 25 चित्रे धरली तर दहा मिनिटांत 15,000 चित्रे होतात. पण ती सगळी एकच असल्याने 'काही बदलले नाही' एवढीच नोंद बहुतेक ठिकाणी पुरते. म्हणून अशी फाइल लहान राहू शकते. मधे फुले, कबुतरे, सरकती अक्षरे घालण्याचा मोह होतो. मी तो टाळला. ऐकणाऱ्याचे मन शब्दांवर राहावे.

पहिला व्हिडिओ काकूंना दाखवला. त्या पूर्ण दहा मिनिटे काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मेणबत्ती चांगली दिसते हो."

आपणही जेव्हा सुवार्ता सांगतो, तेव्हा आपले चित्र कोणाकडे तोंड करून असते? स्वतःकडे, की समोरच्या माणसाकडे? या पास्काकाळात एवढे स्वतःला विचारू या.

प्रभू तुम्हां सर्वांबरोबर असो.