चर्चेचीं लहान घरें

मराठींतील सार्वजनिक वादविवाद मोठ्या पेढ्यांच्या छायेंत वाढला नाहीं. तो लहान व स्वतंत्र पत्रांतून वाढला. १८३२ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ पत्र काढलें. १८४१ मध्यें भाऊ महाजनांचें ‘प्रभाकर’ निघालें, आणि १८४८ पासून गोपाळ हरि देशमुखांचीं शतपत्रें त्याच साप्ताहिकांतून ‘लोकहितवादी’ या टोपणनांवानें प्रसिद्ध झालीं. वाचक थोडे, पण मनुष्याची पारख त्याच्या युक्तिवादावरून होई.

याच जातीचा दुसरा प्रयोग दीडशें वर्षांनीं आंतरजालावर झाला. अमेरिकेंतील मराठी मंडळींनीं १९९६ मध्यें ‘मायबोली’ सुरू केली. २००४ मध्यें ‘मनोगत’ आलें, २००७ मध्यें ‘उपक्रम’ व ‘मिसळपाव’. संगणकावर देवनागरी उमटविणें हेंच त्या काळीं दिव्य होतें; ‘मनोगता’नें तर शुद्धिचिकित्सकही पुरविला. येथेंही सभासद बहुधा टोपणनांवानें लिहीत. पाककृतीपासून व्युत्पत्तीपर्यंत वाद झडत, आणि जुनी चर्चा कित्येक वर्षांनींही शोधून काढतां येई. भांडणें होत नसत असें नाहीं; पण एका स्थळीं न पटलें म्हणजे मंडळी उठून दुसरें स्थळ उभारीत.

मग हीं घरें ओस कां पडूं लागलीं? सारा दोष व्यापाऱ्यांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तेथें जाण्यास संगणक, टंकलेखनाचा सराव आणि सवड लागे. म्हणून तेथील मंडळी बहुतांशीं शहरवासी किंवा परदेशस्थ असत. जालना जिल्ह्यांतील धावड्यासारख्या गांवांस आंतरजाल भेटलें तें मोबाइलवर, विशेषतः २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर. आणि तेथें फेसबुक व व्हॉट्सॲप यांचीच वर्दळ होती. ज्यांस पूर्वीं कोणी बोलाविलें नव्हतें, त्यांस बोलतां आलें. हा लाभ थोडा नव्हे.

परंतु त्याचें मोल कोणतें? मोठ्या पेठेंत कोणाचें बोलणें कोणाच्या कानीं पडावें, हें बव्हंशीं जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीचें यंत्र ठरवितें. कालचा विचार आज गडप होतो. चांगला लेख हजार हातांतून फिरतो, पण लेखकाचें नांव वाटेंतच गळतें. शिवाय, मोठें तें टिकाऊ, ही समजूतही खोटी आहे. गूगलचें ‘ऑर्कुट’ २००४ मध्यें निघालें. तेथें मराठी समूहही गजबजले होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मालकानें तें बंद केलें. त्याहून वयानें वडील असलेली ‘मायबोली’ मात्र आजही चालू आहे.

शतपत्रें आज आपणांस वाचावयास मिळतात, कारण तीं छापलीं गेलीं आणि पुढें ग्रंथरूपानें जपलीं गेलीं. धावड्याच्या तरुणास बोलण्यासाठीं पेठ मिळाली आहे. त्याचें बोलणें जपून ठेवणारें घर अद्याप मिळावयाचें आहे. तें बांधण्यास अफाट भांडवल लागत नाहीं. चार जाणत्या माणसांनीं पदरमोड करून, चिकाटीनें दार उघडें ठेवावें लागतें. आणि या वेळीं तें दार गांवाकडेही उघडणारें असलें पाहिजे.