शिपायाचा होकार : रावळपिंडीतील विषारी वायूचे प्रयोग



आमचे पाली गाव स्वातंत्र्यापूर्वी भोर संस्थानात होते. येथून काय किंवा उर्वरित कोकणातून काय, ब्रिटिश हिंदी सैन्यात भरती होणारा तरुण आज्ञापालनाची शपथ घेई. वरिष्ठ धाडतील तिकडे जायचे, सांगतील ते करायचे. शत्रूची गोळी झेलण्याची तयारी त्यात गृहीतच होती. पण आपल्याच बाजूच्या शास्त्रज्ञांनी सोडलेल्या विषारी वायूत उभे राहणे, हेही त्या शपथेत येत होते काय?

प्रश्न काल्पनिक नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभापासून दहा वर्षांहून अधिक काळ रावळपिंडीच्या लष्करी केंद्रात शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग झाले. ते करणारे शास्त्रज्ञ इंग्लंडमधील पोर्टन डाऊन या रासायनिक युद्धसंशोधन केंद्राचे होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ही कागदपत्रे २००७ साली ‘गार्डियन’ दैनिकाने उजेडात आणली.

मस्टर्डला वायू म्हणतात, परंतु मूळचा तो तेलकट द्रव. त्याची वाफ अंगाला लागते तेव्हा काहीच जाणवत नाही. वेदना काही तासांनी सुरू होतात. मग त्वचा लाल होते, फोड येतात. डोळे, काख, जांघ अशा ओलसर जागा अधिक भाजतात. १९१७ मध्ये जर्मनांनी बेल्जियममधील ईप्र येथे तो प्रथम वापरला. १९२५ च्या जिनिव्हा कराराने युद्धात असे वायू वापरण्यास मनाई केली आणि ९ एप्रिल १९३० रोजी ब्रिटन व हिंदुस्थान या दोघांनीही त्यावर मान्यतेची मोहोर उमटविली. बंदी वापरावर होती. निर्मिती आणि संशोधन मोकळेच राहिले. त्या मोकळ्या जागेत रावळपिंडीचे वायुकक्ष उभे होते.

शास्त्रज्ञांना दोन गोष्टी हव्या होत्या : रणांगणावर वायूची किती मात्रा पुरेल, आणि हिंदी माणसाची त्वचा गोऱ्या माणसाच्या त्वचेहून अधिक भाजते की कमी. काही प्रयोगांत शिपायांना अर्धी चड्डी आणि सुती सदरा एवढ्याच कपड्यांत कक्षात पाठविले गेले. तोंडावर मुखवटा असे. एका शिपायाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे व चेहरा गंभीररीत्या भाजला. प्रयोगांत भाजणाऱ्यांची संख्या मोठी असल्याची नोंद १९४२ च्या अहवालात आहे. कित्येकांना रुग्णालयात ठेवावे लागले. असे रुग्ण अतिशय खिन्न असतात, हेही त्याच अहवालाने लिहून ठेवले. दुःख दिसत होते. प्रयोग थांबले नाहीत.

‘त्या काळचे मापदंड निराळे होते’ असे समर्थन केले जाते. ते मला पटत नाही, आणि त्यासाठी मुंबईपलीकडे जाण्याचीही गरज नाही. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी ती दिली. कैद्याची स्वेच्छा कितपत खरी, हा वाद घालता येईल, मीही घालीन. पण तेथे निदान विचारणा तरी झाली होती, आणि विचारणाऱ्याने स्वतःचा जीव आधी पणाला लावला होता. पुढे १९०० साली अमेरिकी लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी क्यूबातील पीतज्वराच्या प्रयोगांसाठी लेखी करारपत्रे केली. म्हणजे संमतीची कल्पना रावळपिंडीपूर्वी जन्मली होती आणि लष्करालाही ती अपरिचित नव्हती.

गोऱ्या शिपायांचेही हाल झालेच. ६ मे १९५३ रोजी पोर्टन डाऊनमध्ये हवाई दलातील वीस वर्षांच्या रोनाल्ड मॅडिसनच्या हातावर कापडावरून सरिन या विषाचे थेंब टाकण्यात आले. तो त्याच दिवशी मरण पावला. बंद दाराआडच्या चौकशीने त्याला अपघात ठरविले. २००४ मध्ये फेरचौकशीतील ज्यूरीने हा मृत्यू बेकायदेशीर वधाचा असल्याचा निर्णय दिला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना कैदी, विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांच्याबरोबर सैनिकांचाही उल्लेख करीत होत्या : यांची निर्णयस्वायत्तता मर्यादित असते, म्हणून त्यांना संशोधनात घेण्यास पुरेसे कारण दाखविले पाहिजे.

२००८ मध्ये ब्रिटिश सरकारने पोर्टन डाऊनच्या ३६० माजी सैनिकांना मिळून तीस लाख पौंड भरपाई देऊ केली. रावळपिंडीच्या शिपायांची प्रकृती पुढे कशी राहिली, हे पाहण्याची तसदीही त्या शास्त्रज्ञांनी घेतली नव्हती.