गोडें पाणी आणि खारा वारा

सुट्टी लागली कीं चार दिवस समुद्रकांठीं जावें, ही इच्छा शहरांतील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत दिसून येते. कोणत्या गांवीं जावयाचें हें लवकर ठरतें. परंतु तेथें गेल्यावर उतरावयाचें कोठें, या प्रश्नावर घरांतील सर्वांचें एकमत होण्यास वेळ लागतो. मुलांना खिडकींतून लाटा दिसाव्या असें वाटतें, घरच्या कर्त्या पुरुषाला खर्चाचा मेळ घालावयाचा असतो, आणि चूल कोणी पेटवावयाची हें गृहिणीला आधीं कळावयास हवें असतें. प्रश्न किरकोळ दिसतो खरा. तथापि त्याच्या मागें दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत वैद्यक, आगगाडी, जातिभेद, कायदा आणि विहिरीचें पाणी या सर्वांना स्थान आहे.

हा इतिहास समजून घेण्यास खारी हें गांव सोयीचें आहे. ठाणें जिल्ह्यांतील हें जुनें गांव आतां मिरा-भाईंदर शहरांत, भाईंदरच्या पूर्व भागांत मोडतें. त्याच्या नांवांतच मिठाची चव आहे. उत्तरेस वसईची खाडी, आणि खाडीच्या कांठीं भाईंदरचीं मिठागरें. भरतीचें पाणी बांध घातलेल्या खाचरांत घ्यावें, तें एका खाचरांतून दुसऱ्यांत फिरवीत आटवावें, आणि पावसाळ्यापूर्वीं मीठ गोळा करावें, असा या उद्योगाचा क्रम. त्याला कोरडी हवा, कडक ऊन आणि समुद्रावरचा वारा लागतो. शहरांतील कुटुंबें सुट्टीसाठीं समुद्रकांठ गांठतात तीही याच महिन्यांत. मीठ पिकण्याचा, शाळांना सुट्टी लागण्याचा आणि कोंकणांतील विहिरींचे तळ दिसूं लागण्याचा काळ एकच आहे. मुक्कामाच्या प्रश्नाचें मूळ या योगायोगांत आहे.

समुद्रकांठच्या मूळ रहिवाशांनीं घर कोठें बांधलें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. खारीपासून कांहीं मैल पश्चिमेस उत्तन आहे. कोळी आणि ख्रिस्ती वस्तीचें हें गांव भर समुद्रावर वसलें आहे, कारण मासेमाराला आपली होडी नजरेसमोर हवी असते. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. तेथें किनारा हें कामाचें अंगण आहे. परंतु ज्यांचें पोट बागायतीवर होतें त्यांनीं निराळा मार्ग पत्करला. वसईपासून खालीं मालवणपर्यंत पाहिलें, तर जुनीं घरें माडापोफळींच्या वाडीआड, किनाऱ्यापासून थोडी आंत दिसतात. खारा वारा लांकूड कुजवितो, लोखंड खातो आणि पावसाळ्यांत छप्पर उचलतो. शिवाय वाळूच्या पट्ट्यामागें गोडें पाणी वर लागतें. वसई भागांत तर लोकांनीं बावखलें खणून पावसाचें पाणी सांठवून ठेवलें. समुद्र दिसावा म्हणून घर बांधण्याची कल्पना या लोकांना सुचली नव्हती. पाणी आणि सावली जेथें, तेथें घर.

समुद्राकडे तोंड करून राहण्याची कल्पना युरोपांतून आली, आणि तिचा जन्म मौजेंतून नव्हे तर औषधांतून झाला. रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्यानें १७५० सालीं ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला, आणि पुढें ब्रायटन येथें बिऱ्हाड करून तो रोग्यांना समुद्रस्नान करावयास लावूं लागला. रोग्यांच्या मागोमाग त्यांचीं कुटुंबें आलीं, आणि कुटुंबांसाठीं भाड्याच्या खोल्या निघाल्या. १८४१ सालीं लंडनहून ब्रायटनला आगगाडी गेली, तेव्हां श्रीमंतांचा हा उपचार मध्यम स्थितींतील लोकांचीही सुट्टी झाला. आधीं रोगी, मग रस्ता आणि शेवटीं पाहुणा, हाच क्रम पुढें मुंबईंतही दिसून येतो.

मुंबईचा रस्ता दोन टप्प्यांनीं झाला. १८४५ सालीं माहीमचा बांध खुला झाला आणि वांद्रें मुंबईला पायवाटेनें व गाडीवाटेनें जोडलें गेलें. त्यानंतर बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी १८६४ सालीं ग्रँट रोडपर्यंत येऊन पोहोंचली, आणि १८६७ सालीं विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. वसईच्या खाडीवरील पुलामुळें भाईंदर-खारीचा खारट मुलूख आणि पलीकडील वसईच्या बागा एका दिवसाच्या प्रवासांत आल्या. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. दाट वस्तीच्या चाळी सोडून लोक उपनगरांत, गांवांकडे आणि मोकळ्या हवेकडे धांवले. हवा बदलणें ही चैन नसून प्राण वांचविण्याचा उपाय आहे, हें तेव्हां सर्वसामान्य माणसालाही पटलें. ‘हवापालट’ हा शब्द मराठी घरांत औषधाच्या यादींत जाऊन बसला.

परंतु हवापालटासाठीं उतरावयाचें कोठें? मराठी मध्यम वर्गापुढें मुख्यतः दोनच मार्ग होते. पहिला नातलगांचा. मामाचें घर, बहिणीचें सासर, कुळागरांत राहणारे चुलते यांच्याकडे महिनाभर मुलांसह जाऊन राहणें, यांत कोणालाही संकोच वाटत नसे. तेथें समुद्र पाहणें हा हेतु नसून आंबे, फणस आणि माणसें भेटणें हा हेतु असे. दुसरा मार्ग भाड्याच्या घराचा. असें घर घेतलें म्हणजे भांडीं, अंथरुणें, तांदूळ-डाळी, स्टोव्ह आणि कंदील बरोबर न्यावे लागत. घरांतील इतर माणसांची हवा पालटे; गृहिणीची मात्र चूलच तेवढी पालटे. ओल्या लांकडांचा धूर, लांबच्या विहिरीवरून आणलेलें पाणी आणि वाळूनें भरलेले मुलांचे कपडे, एवढाच तिच्या वांट्याला आलेला समुद्र असे. मुक्कामाच्या जागेची निवड करितांना तिचें मत विचारलें जाई कीं नाहीं, यावर त्या सुट्टीचें खरें स्वरूप ठरे.

प्रवासाची वाट हीही निवडीची कसोटी होती. दक्षिण कोंकणांत जावयाचें तर आगबोट. ती बंदरापासून दूर उभी राही, आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर जावें लागे. पावसाळ्यांत हा मार्ग धोक्याचा. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रांत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. त्या दिवसानंतर कित्येक कुटुंबांनीं समुद्रकांठच्या मुक्कामाचा विचार करितांना जागेच्या आधीं वाटेची चौकशी केली असेल, यांत नवल नाहीं.

ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनीं तिसरा मार्ग काढला: स्वतःचा बंगला. जमशेटजी टाटा यांनीं १८९० नंतरच्या दशकांत जुहूस जमीन घेऊन तेथें घर बांधलें, आणि एकेक एकराचे शेंकडों भूखंड पाडून समुद्रकांठची वसाहत उभी करण्याची योजना आंखली. १९०४ सालीं त्यांचें निधन झालें आणि योजना मागें पडली; परंतु जुहूचें नांव मोठ्या घरांत रुजलें. १९२४ च्या जानेवारींत पुण्यास ससून रुग्णालयांत महात्मा गांधींवर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर विश्रांतीसाठीं ते जुहूस नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यांत राहिले. मे १९४४ मध्यें आगाखान राजवाड्यांतील बंदिवासांतून सुटल्यावरही ते जुहूसच येऊन राहिले. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्रकांठचा मुक्काम हा प्रकृति सुधारण्याचाच उपाय मानला जात होता.

या चित्राची एक काळी बाजू आहे आणि ती झांकून चालणार नाहीं. आरोग्यभुवनें बहुधा एकेका ज्ञातीच्या दानशूर गृहस्थांनीं बांधलेलीं, म्हणून त्या ज्ञातीसाठीं राखलेलीं असत. भाड्यानें घर देणारा आधीं आडनांव विचारी आणि मग भाडें सांगे. खाणावळींच्या पंक्तीही वेगळ्या. पण सर्वांत कठोर बंदी पाण्यावर होती. ज्यांना अस्पृश्य मानलें जाई, त्यांना गांवच्या विहिरीवर जातां येत नसे. मग त्या गांवीं चार दिवस सुखानें राहण्याची गोष्टच नको. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता. तरीही कोंकणांतच, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा दावा १९३७ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत संपला. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत उपाहारगृहें, हॉटेलें, विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा एकाच ठिकाणीं उल्लेख आहे. हीं स्थळें एकत्र कां आलीं, हें हा इतिहास जाणणाऱ्यास निराळें सांगावें लागत नाहीं. परगांवीं माणसाला निवारा आणि पाणी हीं दोन्ही मिळालीं तरच तो तेथें पाहुणा होतो.

स्वातंत्र्यानंतर मार्ग वाढले. १९७५ सालीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालें आणि गणपतीपुळें, तारकर्ली यांसारख्या ठिकाणीं कुटुंबांना साजेसे मुक्काम उभे राहिले. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. गांवकऱ्यांनीं घरांतील एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठीं काढल्या, घरचें जेवण देऊं लागले, आणि गृहिणीच्या हातून सुट्टींतील पळी सुटली. ती यजमानीण बाईंच्या हातीं गेली, परंतु आतां तिच्या कष्टाला मोल आलें. मात्र याचबरोबर हॉटेलें वाळूच्या जवळ सरकूं लागलीं, आणि जुन्या वाडीवाल्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट पाहुणे विसरले.

ती गोष्ट जमिनीखालची आहे. किनाऱ्यालगत पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यानें त्याच्यावर तरंगत असतें. ढोबळ हिशेबानें, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. उलट, उपसून ती पातळी एक फूट उतरली कीं खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं बाडोन घायबेन व हर्झबर्ग या दोघांनीं हा नियम मांडला. राहटाच्या किंवा पोहऱ्याच्या उपशानें बहुधा न बिघडणारी विहीर विजेच्या पंपानें खारी होऊं शकते, ती यामुळें. आणि विहीर एकदां खारी झाली कीं तिचें दुःख परत जाणाऱ्या पाहुण्याला होत नाहीं. तें शेजारच्या वाडीला आणि कोळ्याच्या घराला भोगावें लागतें. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध घातले, तेव्हां पहिल्या २०० मीटरांत भूजल उपसण्यास बंदी केली, आणि पुढील पट्ट्यांत साध्या विहिरींतून हातानें पाणी काढण्यासच मुभा दिली. कोंकणच्या म्हाताऱ्यांचा अनुभव त्या कलमांत कायद्याच्या भाषेंत उतरला होता. पुढें २०११ आणि २०१९ सालीं नव्या अधिसूचना निघून किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम बदलले. निसर्गाचा नियम बदललेला नाहीं.

खारीकडे पुन्हा पाहिलें तर हा सर्व इतिहास एका गाडीप्रवासांत दिसतो. १९८५ सालीं येथील ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका झाली. मिठागरांच्या शेजारीं इमारती उठल्या. एके काळीं मुंबईकरांनीं हवेसाठीं ज्या दिशेला यावें, तेथलेच रहिवासी आतां सुट्टींत हवेसाठीं दूर जातात. त्यांतील पुष्कळांना उत्तनचा किनारा हातापाशीं आहे. तरी मुक्कामासाठीं अलिबाग, मुरूड, केळवें, डहाणू अशीं नांवें घेतलीं जातात.

अशा वेळीं कुटुंबानें जागेची निवड करितांना खिडकींतून समुद्र दिसतो कीं नाहीं, एवढेंच विचारूं नये. पाणी कोठून येतें, मे महिन्यांत तें पुरतें काय, आणि शेजाऱ्याची विहीर अजून गोडी आहे काय, हें आधीं विचारावें. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकतात. त्या ठाऊक असलेला आणि मुलांना कोठें उतरूं द्यावें, कोठें देऊं नये, हें सांगणारा स्थानिक यजमान आहे काय, याची चौकशी करावी. स्वयंपाक कोण करणार हें निघण्यापूर्वीं ठरवावें. आणि त्या दाराशीं येणाऱ्या कोणाही माणसाला आडनांव न विचारतां पाणी मिळतें काय, हेंही पाहावें. वाडीच्या सावलींत, किनाऱ्यापासून पांच-दहा मिनिटांच्या पायवाटेवर असलेलें घर या कसोट्यांना बहुधा उतरतें. लाटांचा आवाज रात्रीं तेथेंही ऐकूं येतो, आणि सकाळीं पोहरा वर आला कीं पाणी गोडें लागतें.